‘थेट उत्तरासाठी वर्ग’

आयर्लंडच्या संसदेत आरोग्यमंत्र्यांना लेखी प्रश्न टाकला की पुष्कळदा एकच ठरलेलं उत्तर येतं. आपल्या मंत्रालयाच्या मराठीत ते असं होईल: ‘सदर बाब सेवेशी संबंधित असल्याने आरोग्य सेवा मंडळाकडे थेट उत्तरासाठी वर्ग करण्यात येत आहे.’ वर्षाला हजारोंनी लेखी प्रश्न पडतात आणि आरोग्य, अपंगत्व या विषयांवरच्या कितीतरी प्रश्नांच्या नशिबी हेच वाक्य येतं. मंत्र्याने मंडळाकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा चालवणाऱ्या संस्थेकडे, बोट दाखवायचं. मंडळाने पुढे कधीतरी सदस्याला पत्र पाठवायचं. पत्रात काही आकडे असतात, ‘भरतीप्रक्रिया सुरू आहे’ असं असतं. ज्या आईने मुलाच्या स्पीच थेरपीसाठी आमदाराचं दार ठोठावलेलं असतं, तिच्या हातात तो कागद पडतो तेव्हा मूल एका इयत्तेने पुढे गेलेलं असतं.

या एका वाक्याशी आयर्लंडमधले बरेच विरोधी सदस्य वर्षानुवर्षं झुंजत आले आहेत. त्यांपैकी एकीबद्दल मला लिहायचंय, पण सुरुवात वराडपासून करावी लागेल. २०१७ साली लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या त्या गावापर्यंत कॅमेरे गेले. २०१९ च्या डिसेंबरअखेर ते स्वतः घरच्या मंडळींसह तिथे येऊन गेले, तेव्हा तर विचारायलाच नको. आपल्याला कौतुक आडनावाचं होतं आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्या साऱ्या बातम्यांत एक गोष्ट शोधूनही सापडत नव्हती: हा माणूस आधी आरोग्यमंत्री होता, आता सरकारचा प्रमुख आहे, तर तिथल्या इस्पितळांचं, घरांचं काय चाललंय? आणि त्याला हे तोंडावर विचारणारं कोण आहे?

विचारणाऱ्यांत गॉलवे पश्चिम मतदारसंघाच्या अपक्ष सदस्य कॅथरीन कॉनोली होत्या. २०१६ मध्ये त्या डॉलमध्ये, म्हणजे आयरिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आल्या. त्याआधी २०११ ला अवघ्या १७ मतांनी पडल्या होत्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ६३ टक्के मतं घेऊन त्या देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि जगभरच्या बातम्यांत आल्या. गाझा, युरोपीय संघ, तटस्थता यांवरच्या त्यांच्या मतांची चर्चा झाली. त्या मतांशी मला इथे कर्तव्य नाही. मला त्यांची मधली नऊ वर्षं महत्त्वाची वाटतात, ज्यांची बातमी होत नाही ती.

गॉलवे शहरातल्या शांटाला भागात, नगर परिषदेने बांधलेल्या घरात, चौदा भावंडांत त्या वाढल्या. नऊ वर्षांच्या असताना आई गेली. पुढे मानसशास्त्र शिकून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट झाल्या, मग कायदा शिकून बॅरिस्टर झाल्या. १९९९ मध्ये लेबर पक्षाकडून नगरसेवक, २००४ मध्ये महापौर, नंतर पक्षाला रामराम. सरकारी घरात वाढलेली, मनोविकारांचं काम केलेली, कायद्याच्या कलमांत बोट घालून वाचणारी बाई संसदेत गेली तर काय विचारेल, याचा अंदाज या चार ओळींवरूनच यावा.

मर्लिन पार्कचंच प्रकरण घ्या. गॉलवेच्या पूर्वेला हे जुनं सरकारी रुग्णालय आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या हाडांच्या शस्त्रक्रियांच्या दोन्ही थिएटरचं छत गळायला लागलं आणि थिएटर बंद करावी लागली. गुडघे, खुबे बदलून घ्यायला आधीच रांगेत असलेल्यांची रांग तिथेच थिजली. पंतप्रधान तेव्हा आपले वराडकर, आरोग्यमंत्री सायमन हॅरिस. एका श्रीमंत देशात, पश्चिम किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरात, पावसाच्या पाण्याने शस्त्रक्रिया बंद पडतात, आणि गॉलवेत पाऊस काही पाहुणा म्हणून येत नाही. मग तात्पुरती, कारखान्यात तयार करून आणलेली थिएटर बसवायचं ठरलं. ठरणं आणि बसणं यांच्या मधल्या काळात कॉनोली तोच प्रश्न पुनःपुन्हा घेऊन उभ्या राहिल्या. छत कधी दुरुस्त होणार? तारीख सांगा. ती गेली, पुढची तारीख सांगा.

कुणी म्हणेल, हा नगरसेवकाच्या पातळीचा प्रश्न झाला. संसदेत धोरणावर बोलावं, छपरावर काय बोलायचं? मला नेमकं उलट वाटतं. धोरण कागदावर कायम चांगलंच असतं. मे २०१७ मध्ये, म्हणजे छत गळायच्या चारच महिने आधी, याच संसदेच्या सर्वपक्षीय समितीने ‘स्लॉन्चकेअर’ नावाची दहा वर्षांची योजना मांडली होती: पैसे भरणाऱ्याला आधी आणि बाकीच्यांना मागून, ही दुहेरी व्यवस्था मोडून सर्वांना गरजेप्रमाणे उपचार. समितीच्या अध्यक्ष होत्या रोशीन शॉर्टॉल. त्या २०१२ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या जागा कशा निवडल्या गेल्या यावरून वरिष्ठ मंत्र्यांशी वाजल्यावर राज्यमंत्रिपद सोडून बाहेर पडल्या होत्या. खुर्ची सोडलेल्या बाईने पाच वर्षांनी सगळ्या पक्षांना एका कागदावर आणलं, हे साधं काम नव्हे. त्या कागदातलं काही पुढे खरंही झालं. २०२३ मध्ये सरकारी रुग्णालयात दाखल होण्याचं रोजचं शुल्क रद्द झालं आणि फक्त सरकारी रुग्णच पाहायचे असा तज्ज्ञ डॉक्टरांचा नवा करार आला. म्हणजे समित्या निव्वळ चहापाण्याच्या नसतात. पण योजना गुडघेदुखीवाल्यापर्यंत पोचली की नाही, हे छताखाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही, आणि ते विचारणारं कुणी सभागृहात नसेल तर योजना पोचली असंच धरून चालतात.

आता अपंगत्वाकडे येऊ. (मी ‘अपंग’च लिहितो. ‘दिव्यांग’ म्हटल्याने रॅम्प बांधून होत नाही.) आयर्लंडचा अपंगत्व कायदा २००५ चा. पालकाने अर्ज केला की तीन महिन्यांत मुलाच्या गरजांची तपासणी सुरू व्हायला हवी आणि पुढच्या तीन महिन्यांत ती संपायला हवी. सहा महिने, पांढऱ्यावर काळं. प्रत्यक्षात २०२५ च्या मध्यावर मुदत उलटलेले अर्ज १५,००० च्या वर गेले होते. पूर्ण देशाची लोकसंख्या पुणे जिल्ह्याहूनही कमी आहे, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचा. त्या वर्षी मे महिन्यात टिपरेरीची एक १४ वर्षांची मुलगी संसदेच्या दारात ५० तास ठाण मांडून बसली होती, कायद्यात लिहिलंय ते करा एवढंच सांगायला.

मंडळाने मध्यंतरी एक शक्कल लढवली होती. २०२० पासून सखोल तपासणीऐवजी फार तर तास-दीड तासाची प्राथमिक तपासणी करायची आणि अर्ज निकाली निघाला असं नोंदवायचं. रांग कागदावर आखडली. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की याला कायद्यातली तपासणी म्हणत नाहीत. मग त्या मुलांना पुन्हा तपासायची वेळ आली आणि रांग होती त्याहून लांबली.

पण यातली खरी गोम वेगळीच आहे. कायदा हक्क देतो तो तपासणीचा. उपचाराचा नाही. तपासणीत लिहून येतं की मुलाला आठवड्याला अमुक थेरपी लागेल. ती मिळेल का, हे उपलब्ध साधनांवर ठरतं. तपासणीला मुदत आहे आणि न्यायालयाचा धाक आहे, उपचाराला दोन्ही नाहीत. मग मोजके थेरपिस्ट कुठे जुंपले जाणार? तपासणीत. जो मुलाशी बसून त्याला बोलायला शिकवायचा, तो दुसऱ्या मुलाला बोलता येत नाही असं प्रमाणपत्र लिहीत बसतो. कायद्याचं पालन जितकं जोरात, तितकी थेरपी कमी. इतकी उफराटी रचना कुणी मुद्दाम केली असेल असं मी म्हणत नाही, पण वीस वर्षं ती तशीच ठेवणं हे मुद्दामच म्हणावं लागतं.

त्यात २०२३ मध्ये अपंगत्वाच्या सेवा आरोग्य खात्याकडून बालकल्याण आणि समता खात्याकडे गेल्या. थेरपिस्ट नेमतं कोण? तेच आरोग्य सेवा मंडळ. सदस्याने आता प्रश्न टाकायचा एका मंत्र्याला, माणसं नेमणार दुसऱ्या मंत्र्याचं मंडळ, आणि उत्तर ‘थेट’ येणार तिसरीकडून. सरकारला लपायला एक खोली वाढली.

कॉनोलींच्या भाषणांची मला भावलेली रीत अशी की त्या घर, अपंगत्व आणि आरोग्य हे तीन विषय म्हणून बोलत नाहीत. वरवर ही वक्तृत्वाची सवय वाटेल, पण एक माणूस डोळ्यांसमोर आणा. पंचेचाळिशीचा, पक्षाघाताने एक बाजू गेलेला. रुग्णालयातला उपचार संपलाय. घरी जायचं तर दार व्हीलचेअरच्या रुंदीचं हवं, उंबरा काढायला हवा, न्हाणीघर सपाट करायला हवं. त्याचं अनुदान नगर परिषद देते, पण त्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टचा अहवाल लागतो आणि थेरपिस्ट मिळत नाही. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लागते. सकाळी उठवायला, कपडे घालायला मदतनीस हवा. त्याचे तास मंडळाने मंजूर करायचे. तो हक्क नाही, मेहेरबानी आहे. इकडे रुग्णालयाला खाट रिकामी हवी असते, कारण खाली अपघात विभागात माणसं ट्रॉलीवर रात्र काढत असतात. मग त्याला कुठे पाठवतात? वृद्धांच्या शुश्रूषागृहात. तिथल्या खर्चाला ‘फेअर डील’ नावाची कायदेशीर योजना आहे: उत्पन्नाच्या ८० टक्के, शिवाय मालमत्तेचा काही भाग तुम्ही द्यायचा आणि उरलेलं सरकार भरणार. घरी राहून मदत घ्यायची तर तशी कायद्याने बांधलेली योजना नाही. वर्षानुवर्षं नुसतं आश्वासन आहे. थोडक्यात, सरकार त्याला घराबाहेर ठेवायचे पैसे खात्रीने देतं.

हा माणूस मी कल्पिला असला तरी त्याच्यासारखे पुष्कळ आहेत. २०२१ मध्ये आयर्लंडच्या लोकपालांनी ६५ च्या आतल्या अशा लोकांवर अहवाल काढला. १,३०० हून जास्त जण शुश्रूषागृहांत राहत होते. अहवालाचं नाव होतं ‘वाया गेलेली आयुष्यं’. चाळिशीतला माणूस, शेजारच्या खाटेवर नव्वदीतली स्मृतिभ्रंशाची बाई, आणि संध्याकाळी सातला दिवे मंद. या माणसाचा प्रश्न कुठल्या मंत्र्याला विचारायचा, सांगा. गृहनिर्माण म्हणेल आरोग्य, आरोग्य म्हणेल अपंगत्व, अपंगत्व म्हणेल मंडळ. तिन्हींना एकाच भाषणात आणून उभं करणं हीच त्यावरची पहिली संसदीय कृती आहे, आणि ती अपक्ष सदस्याला दोन-तीन मिनिटांच्या वेळात करावी लागते.

घरांची गोष्ट तर आयर्लंडने हातानेच बिघडवलेली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिथे बांधल्या जाणाऱ्या घरांपैकी जवळजवळ एक तृतीयांश घरं स्थानिक परिषदा बांधत होत्या, तेव्हा देश आजच्या मानाने गरीब होता. १९७३ मध्ये न्यायमूर्ती केनी यांच्या समितीने सुचवलं होतं की शहरांच्या कडेची जमीन परिषदांना शेतीच्या भावात, वर २५ टक्के देऊन घेता यावी, म्हणजे जमिनीच्या भावातली मलई सट्टेबाजाच्या घशात जाणार नाही. अहवालावर पन्नास वर्षांची धूळ आहे. परिषदांचं बांधणं हळूहळू कमी झालं, २००८ नंतर तर जवळपास थांबलंच, आणि २०१४ मध्ये भाडेसाह्याची नवी योजना आली: सरकार खासगी मालकाला भाडं देणार आणि कुटुंबाची घराची गरज भागली असं समजून त्याला मूळ प्रतीक्षायादीतून काढणार. मालकाने घर विकायला काढलं की कुटुंब रस्त्यावर. यादी मात्र छोटी दिसते! तपासण्यांच्या रांगेतली शक्कल आठवा. तोच हात, तीच सफाई.

कॉनोलींनी यावर गॉलवेचं उदाहरण नऊ वर्षं सोडलं नाही. सार्वजनिक जमिनीवर सार्वजनिक घरं बांधा, शहराच्या मध्यावर बंदराजवळ आणि स्थानकाजवळ जागा आहे, ती विकासकांच्या हाती देण्याआधी आराखडा दाखवा, गृहनिर्माणाच्या कृतीदलाने काय केलं त्याचे अहवाल मांडा. यातून किती घरं उभी राहिली असा हिशेब मागितला तर उत्तर फार उत्साहाचं नाही. देशात तातडीच्या निवाऱ्यात राहणाऱ्यांची संख्या २०२५ मध्ये १६,००० च्या पुढे गेली, त्यांत ५,००० हून जास्त मुलं. २०२४ च्या निवडणुकीआधी सरकार त्या वर्षी चाळीस हजारांच्या आसपास घरं पुरी होतील असं सांगत होतं. निवडणूक झाली आणि आकडा निघाला ३०,३३०.

मग प्रश्न विचारून मिळालं काय? हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. कॉनोलींवर टीका करणाऱ्यांचा मुख्य मुद्दा हाच होता: कधी मंत्रिपद नाही, कधी अंदाजपत्रक जुळवलं नाही, विरोधी बाकावरून नैतिक उंची गाठणं सोपं. प्रचारात आणखी एक गोष्ट निघाली. मंदीनंतरच्या काळात बॅरिस्टर म्हणून त्या बँकांच्या बाजूने घरजप्तीच्या खटल्यांत उभ्या राहिल्या होत्या. वकिलाला आलेला खटला नाकारता येत नाही हा त्यांचा बचाव नियमाला धरून आहे, पण घराच्या हक्कावर इतकं कळकळीने बोलणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत तो थोडा कोरडाच वाटतो. आणि त्यांच्या ६३ टक्क्यांच्या विजयात दोन लाखांहून जास्त मतदारांनी मतपत्रिका बाद करून टाकल्या, हेही नोंदवलेलं बरं.

तरी मी त्यांच्या बाजूने उभा राहतो, आणि कारण व्यक्तीशी फारसं निगडित नाही. आयरिश राज्यव्यवस्थेचा आजार पैशाचा नाही. नुसत्या आरोग्य सेवा मंडळाचा वर्षाचा खर्च २५ अब्ज युरोंच्या वर आहे; २०२४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ॲपलकडून वसूल करायला लावलेले १३ अब्ज युरो सरकार सुरुवातीला नको म्हणत होतं. आजार आहे तो कायद्याच्या शब्दांत ठेवलेल्या पळवाटेचा. हक्क लिहायचा आणि शेपटीला ‘साधनांच्या मर्यादेत’ जोडायचं. मार्च २०२४ च्या जनमतात ही सवय थेट राज्यघटनेत जाऊ पाहत होती. घरच्यांची काळजी घेणाऱ्यांना आधार देण्यासाठी राज्य ‘झटेल’, असा शब्द होता. देईल नाही, झटेल. बहुतेक मोठे पक्ष बाजूने होते. अपंगांच्या संघटनांतल्या अनेकांनी आणि अपंग मुलाचे वडील असलेले सेनेटर टॉम क्लोनन यांनी त्या एका क्रियापदावर बोट ठेवलं. जवळजवळ ७४ टक्के लोकांनी प्रस्ताव फेटाळला. काही दिवसांतच वराडकरांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. कारणं त्यांनी वैयक्तिक आणि राजकीय दोन्ही सांगितली.

‘झटेल’ या शब्दाचा वास लोकांना लगेच आला, तो कुठून? ज्यांनी तसले शब्द कायद्याच्या पानांवर वीस वर्षं भोगले होते त्यांना तो सांगावा लागला नाही. आणि बाकीच्यांपर्यंत तो ज्या वाटांनी पोचला, त्यांत संसदेतले हे कंटाळवाणे प्रश्न होते, समित्यांच्या रेकॉर्डमधले आकडे होते, ‘थेट उत्तरासाठी वर्ग’ची हजारो पत्रं होती. सरकारला लेखी उत्तर द्यायला लावणं म्हणजे त्याला स्वतःच्या हाताने पुरावा लिहायला लावणं. तो लगेच उपयोगी पडत नाही. पालक न्यायालयात जातात तेव्हा पडतो, लोकपाल अहवाल लिहितात तेव्हा पडतो, मतदानाच्या दिवशी पडतो.

आता गंमत अशी की कॉनोलींचं हे हत्यार गेलं. ११ नोव्हेंबर २०२५ ला त्यांनी शपथ घेतली. आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष संसदेत मंत्र्यांना प्रश्न विचारू शकत नाहीत. राष्ट्राला किंवा संसदेला अधिकृत संदेश द्यायचा तरी आधी सरकारची मान्यता लागते. इकडे सरकारने तपासण्यांच्या रांगेवर उपाय म्हणून अपंगत्व कायदाच दुरुस्त करायचं बोलून ठेवलंय. ती दुरुस्ती दोन्ही सभागृहांतून पार पडली की सहीसाठी त्यांच्याच टेबलावर येईल. मुदतीच्या सहा महिन्यांचं पुढे काय होतं ते त्या वाचतील, नेहमीसारखं कलमात बोट घालून. मग दोनच गोष्टी त्यांना करता येतील. राज्य परिषदेशी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार मंडळाशी, बोलून ते विधेयक घटनेच्या कसोटीवर तपासायला सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवायचं, नाहीतर सही करायची.